सशाचा विमा उतरावा काय?

(डिचोली तालुक्यातील शिरगाव येथे ग्रामस्थ, शिक्षक व पशुपालक ह्यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या भाषणाचा विषय फलकावर वाचून आपल्यापैकी काहींना हसू आले असेल. गाईचा विमा आपण ऐकलेला आहे. ट्रकाचा विमा तर ह्या खाणपट्ट्यातील घराघराला ठाऊक आहे. पण सशाचा विमा? जी वस्तू जगात असूच शकत नाही तिला आपल्या संस्कृत पंडितांनी ‘शशशृंग’, म्हणजे सशाचे शिंग, असे नाव देऊन ठेवले आहे. सशाचा विमा हेही तसलेच एक शशशृंग असावे, असे वाटणे स्वाभाविक आहे.

तथापि हा प्रश्न विचारला जातो, आणि तो विचारणारे बहुधा आईबाप असतात. मुलांच्या हट्टाखातर बाजारातून पांढऱ्या सशांची जोडी घरात येते. महिन्याभरात ती घरातलीच होऊन जाते. मग कोठे तरी पाळीव प्राण्यांच्या विम्याची जाहिरात दिसते आणि मनात येते की आपणही चार पैसे भरून निर्धास्त व्हावे. पुष्कळदा त्याच घराच्या गोठ्यात एखादी दुभती गाय असते आणि तिचा विमा मात्र उतरलेला नसतो. आजच्या विषयाचे महत्त्व ह्या ठिकाणी आहे. घरात शिल्लक पडणारा थोडा पैसा कोणत्या संकटासाठी राखून ठेवावा, हा निर्णय प्रत्येक कुटुंबाला करावाच लागतो. सशाच्या निमित्ताने तो निर्णय कसा करावा, ह्याचा आज विचार करू.

विम्याचे मूळ तत्त्व

गावात एखाद्याच्या घराला आग लागली की वाड्यावरचे लोक धावतात. कोणी वासे देतो, कोणी कौले देतो, कोणी अंगमेहनत देतो. एकावर कोसळलेला भार अनेक जण वाटून घेतात आणि म्हणून तो सोसवतो. हेच काम पैशाच्या हिशेबाने आणि आगाऊ करार करून केले म्हणजे त्याला विमा म्हणतात.

एक उदाहरण घेऊ. शंभर घरांत प्रत्येकी एक गाय आहे आणि प्रत्येक गाईची किंमत ६०,००० रुपये आहे, असे मानू. वर्षाकाठी त्यांपैकी तीन गाई दगावतात असेही धरून चालू. एकूण हानी १,८०,००० रुपयांची झाली. ती शंभर घरांनी वाटून घेतली, तर प्रत्येकी १,८०० रुपये येतात. तपासणी, कागदपत्रे, नोकरवर्ग ह्यांचा खर्च मिळवून विमा कंपनी समजा २,४०० रुपये हप्ता आकारील. ज्याची गाय जगली त्याचे २,४०० रुपये गेले. पण ज्याची गेली त्याला ६०,००० रुपये एकदम उभे करावे लागले नाहीत.

ह्या उदाहरणातून तीन गोष्टी ध्यानात येतात. विमा शोभतो तो अशा हानीला, जी क्वचित येते, आली तर घर हादरविते आणि ती खरोखर घडली हे दुसऱ्याला दाखवून देता येते. ह्या तिन्हींपैकी एक जरी गोष्ट नसली तरी विमा लटका पडू लागतो.

आता तोच हिशेब सशाला लावून पाहा. सहाशे रुपयांच्या सशाच्या मृत्यूचा विमा चार टक्के दराने उतरावयाचा म्हटले, तर वर्षाचा हप्ता चोवीस रुपये होतो. चोवीस रुपयांत कंपनीने त्याची नोंद करावयाची, तो मेला तर पशुवैद्याने शवविच्छेदन करावयाचे आणि कोणी तरी पणजीहून येऊन खातरजमा करावयाची! तपासणीचा खर्चच सशाच्या किमतीच्या वर जाईल. एकट्या सशाच्या मृत्यूचा विमा सहजासहजी का मिळत नाही, ह्याचे उत्तर ह्या बेरीज-वजाबाकीत आहे.

सशाचा विमा कोठे आहे?

युरोपात जनावरांच्या विम्याची परंपरा जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्वीडनमध्ये घोडे व गुरे ह्यांचे विमे उतरले जाऊ लागले. १९२४ साली त्याच देशात कुत्र्याचा पहिला विमा उतरला गेला आणि १९४७ मध्ये ती प्रथा ब्रिटनमध्ये पोहोचली, असे सांगितले जाते. आज ब्रिटनमध्ये कुत्र्यामांजरांच्या जोडीने सशांचाही विमा विकला जातो. तेथे पशुवैद्याचे शुल्क फार मोठे असते; एका शस्त्रक्रियेचे देयक सशाच्या किमतीच्या कित्येक पट होते. त्यामुळे तेथील विमा मुख्यतः उपचारांच्या खर्चासाठी असतो.

आपल्या देशात सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण करणारा कायदा १९७२ मध्ये झाला आणि १ जानेवारी १९७३ पासून हा व्यवसाय सरकारी कंपन्यांकडे आला. त्यानंतरच्या काळात गुरांचा विमा खेड्यापाड्यांत पसरू लागला. २००५-०६ मध्ये केंद्र शासनाने निवडक शंभर जिल्ह्यांत पशुधन विमा योजना प्रायोगिक स्वरूपात सुरू केली. २००८-०९ पासून ती नियमित झाली. इतर राज्यांत ही योजना पशुधन विकास मंडळांमार्फत राबविण्यात आली. गोवा मात्र ह्या व्यवस्थेला अपवाद होता. पुढे २०१४ मध्ये ही योजना राष्ट्रीय पशुधन अभियानात समाविष्ट होऊन देशातील सर्व जिल्ह्यांना लागू झाली.

ह्या २०१४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत ससा प्रथमच स्पष्ट नावानिशी दिसतो. शेळी, मेंढी, डुक्कर आणि ससा ह्यांच्यासाठी ‘पशु-एकक’ हे माप ठरविण्यात आले. दहा ससे म्हणजे एक एकक, आणि एका कुटुंबाला पाच एककांपर्यंत हप्त्यात सवलत. म्हणजे सशाच्या विम्याला अगदीच शिंग फुटलेले नाही असे नव्हे. पण ते फुटले आहे ते दहा-दहाच्या कळपाला. उत्पन्नासाठी ससेपालन करणारा पशुपालक ह्या योजनेच्या डोळ्यांसमोर आहे. मुलांच्या लाडासाठी पाळलेली जोडी नाही.

घरगुती प्राण्यांचे जे विमे आपल्या देशातील कंपन्या विकतात, ते मुख्यतः कुत्र्यांचे आणि अलीकडे मांजरांचे असतात. जाहिरातीत ‘पाळीव प्राणी’ असा शब्द असला तरी विमापत्रात कोणत्या प्राण्याचे नाव आहे, हे वाचल्याशिवाय पैसे भरू नयेत. ‘प्राणी’ ह्या शब्दात ससा येतो असे आपण गृहीत धरतो. विमापत्र तसे गृहीत धरीत नाही.

निर्णयापूर्वीचे पाच प्रश्न

समजा, उद्या एखाद्या कंपनीने सशाचा विमा आपल्या दारात आणला. अशा वेळी पाच प्रश्न विचारावेत. हे प्रश्न सशापुरते नाहीत. गाय, म्हैस, शेळी, कोणत्याही जनावराला ते लागू आहेत.

पहिला प्रश्न: ही हानी मी स्वतःच्या खिशातून सोसू शकतो काय? सोसू शकत असेन, तर विम्याची निकड नाही.

दुसरा प्रश्न: हा प्राणी कायद्याने माझा आहे काय? ह्या प्रश्नाकडे शिक्षक बंधुभगिनींचे मी विशेष लक्ष वेधू इच्छितो. आपल्या डोंगरांवर आणि काजूच्या बागांत जो करडा-तपकिरी ससा दिसतो, तो वन्य प्राणी आहे. वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये त्याला संरक्षण आहे. तो पकडता येत नाही, पाळता येत नाही आणि त्याचा विमाही उतरता येत नाही. गवत कापताना त्याचे पिल्लू एकटेच बसलेले आढळते आणि मुले दया येऊन ते घरी आणतात. वस्तुतः ते अनाथ नसते. ह्या सशाची पिल्ले जन्मतःच केसाळ व उघड्या डोळ्यांची असतात; आई त्यांना दिवसभर लपवून ठेवते आणि अंधार पडल्यावर दूध पाजावयास येते. ते पिल्लू जागच्या जागी राहू द्यावे. जखमी असल्यास वन खात्याला कळवावे. आपण पिंजऱ्यात पाळतो तो पांढरा किंवा ठिपकेदार ससा मुळात युरोपातून आलेल्या निराळ्या जातीचा आहे. त्याची पिल्ले बिनकेसांची व मिटल्या डोळ्यांची जन्मतात. हा फरक वर्गात समजावून सांगितला, तर दरवर्षी काही जीव वाचतील.

तिसरा प्रश्न: विमापत्र पैसे कशाचे देते? मृत्यूचे, औषधोपचाराचे, की दोहोंचे? आपल्याकडील पशुधन विमा हा प्रामुख्याने मृत्यूचा विमा आहे. जनावर आजारी पडून बरे झाले तर त्या उपचारांचे पैसे त्यातून मिळतील, असे समजू नये.

चौथा प्रश्न: मेलेला प्राणी तोच होता, हे सिद्ध करता येईल काय? गाईच्या कानात बारा आकडी क्रमांकाचा बिल्ला असतो. सशाच्या कानावर गोंदवून किंवा लहान बिल्ला लावून ओळख देता येते. पण घरगुती सशाला तशी खूण क्वचितच असते. पांढरे ससे सारखेच दिसतात, आणि नुसत्या छायाचित्रावर कोणी विश्वास ठेवणार नाही.

पाचवा प्रश्न: कशाचे पैसे मिळणार नाहीत? विमापत्राच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत जे असते ते सर्वांत आधी वाचावे. जनावर चोरीस गेले, हरवले, मुद्दाम मारले, किंवा विमा उतरण्यापूर्वीच आजारी होते, अशा बाबी सामान्यतः वगळलेल्या असतात. रोगाने आलेल्या मृत्यूसाठी सुरुवातीचे काही दिवस, बहुधा पंधरा दिवस, भरपाई मिळत नाही.

ह्या पाचही प्रश्नांची उत्तरे मांडून पाहिली म्हणजे घरातील एखाद-दुसऱ्या सशासाठी विमा घेणे आपल्या परिस्थितीत शहाणपणाचे ठरत नाही, असे दिसून येते. कोणी म्हणेल, “सशाची किंमत सहाशे रुपये असेल, पण लेकराच्या लळ्याची किंमत काय?” हा आक्षेप मी हलका मानीत नाही. मात्र लळ्याची भरपाई कोणतेही विमापत्र देत नाही. लळा आहे म्हणूनच, तो जीव जगेल कसा, इकडे पैसा वळवावा, एवढेच माझे सांगणे आहे.

हप्त्याचे पैसे कोठे घालावेत?

ससा हा नाजूक प्राणी आहे आणि दुखणे लपविणारा आहे. रानात जो अशक्त दिसतो तो आधी बळी जातो. त्यामुळे आजारी असूनही शांत बसण्याची सवय त्याच्या जातीतच मुरलेली आहे. मालकाच्या लक्षात येईपर्यंत पुष्कळदा उशीर झालेला असतो. म्हणून काही गोष्टी प्रत्येक घराने जाणून घ्याव्यात.

सशाचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि त्याच्या आतड्याचे काम सतत चालू राहावे लागते. ह्या दोन्ही गोष्टींसाठी त्याला भरपूर गवत लागते. आहाराचा फार मोठा भाग स्वच्छ, बुरशी नसलेले गवत असावे. नुसती गाजरे, बिस्किटे, भात, पोळी हे त्याचे अन्न नव्हे. पावसाळ्यात ओलेचिंब गवत सरळ पिंजऱ्यात टाकू नये. ते सुकवून द्यावे. सशाने दहा-बारा तास काही खाल्ले नाही आणि लेंड्याही टाकल्या नाहीत, तर ते संकट समजावे आणि सकाळची वाट न पाहता पशुवैद्याशी संपर्क साधावा.

दुसरा शत्रू म्हणजे उष्मा. तीस अंशांच्या पुढे सशाचे हाल होऊ लागतात आणि एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे ते तापमान रोजचेच असते. वैशाख शुद्ध पंचमीला देवी लईराईची जत्रा भरते. तेव्हा घरोघरी पाहुणे असतात, उकाडा असतो, आवाज असतो. अशा दिवसांत पिंजरा पत्र्याखाली किंवा पश्चिमेच्या उन्हात ठेवू नये. चिऱ्याच्या भिंतीलगत, वारा खेळेल अशा सावलीत आणि गर्दीपासून दूर तो ठेवावा. पाण्याने भरून गोठविलेली बाटली फडक्यात गुंडाळून पिंजऱ्यात ठेवली तर ससा तिला टेकून बसतो. त्याचे कान ओल्या हाताने पुसावेत. त्याला पाण्यात बुडवू मात्र नये.

तिसरी गोष्ट खरजेची. पावसाळ्याच्या दमट हवेत कानांत आणि नाकाशी खपल्या धरतात. ही खरूज औषधाने बरी होते. पण मुलांच्या त्वचेलाही तिचा त्रास होऊ शकतो, म्हणून सशाला हाताळल्यावर साबणाने हात धुण्याची शिस्त असावी. घरगुती उपाय मात्र करू नयेत. कुत्र्याच्या गोचिडांवर वापरतात त्या फिप्रोनिल नावाच्या औषधाने ससा मरू शकतो. पेनिसिलीन व अँपिसिलीन ही माणसाला तारणारी औषधे सशाला तोंडावाटे दिली तर त्याच्या आतड्यातील उपयुक्त जंतू नष्ट होऊन तो दगावतो. घरातली उरलेली गोळी कुस्करून देणे, हे प्रेमापोटी केलेले असले तरी घातक आहे.

चौथी गोष्ट पैदाशीची. नर-मादीची जोडी एकत्र ठेवली की सुमारे एकतीस दिवसांत पिल्ले होतात, आणि हे चक्र थांबत नाही. उत्पन्नासाठी पाळावयाचे नसतील तर नर-मादी वेगळे ठेवावेत. मादी पाच-सहा वर्षांची झाल्यावर गर्भाशयाच्या कर्करोगाचे प्रमाण तिच्यात बरेच आढळते. त्यामुळे ती लहान असतानाच शस्त्रक्रिया करून घ्यावी काय, हे सशांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याला विचारावे.

ह्याशिवाय कुत्रा, मुंगूस आणि साप ह्यांच्यापासून रक्षण करणारी जाळी, बसावयास लाकडी फळी आणि स्वच्छ पाणी हवे. हा काही मोठा खर्च नाही. प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियम, १९६० अन्वये पाळलेल्या प्राण्याला पुरेसे अन्न, पाणी व निवारा देणे हे मालकाचे कायदेशीर कर्तव्य आहे. विमा असो वा नसो, ह्या कर्तव्यातून कोणाची सुटका नाही.

आता पैशाच्या तरतुदीविषयी. ससा नीट सांभाळला तर आठ-दहा वर्षे जगतो. त्याच्यासाठी महिन्याला शंभर रुपये बाजूला टाकले, तर वर्षाला बाराशे आणि तीन वर्षांत व्याज सोडून तीन हजार सहाशे रुपये जमतात. हे पैसे बँकेच्या किंवा टपाल कार्यालयाच्या बचत खात्यात ठेवावेत, म्हणजे अडचणीच्या दिवशी लगेच काढता येतील. ससा निरोगी राहिला तर ते आपल्याच घरात राहतात. घरातल्या मुलाने ह्या पैशांची वही स्वतः लिहावी. गवताला किती, औषधाला किती, शिल्लक किती, हे ज्या मुलाने दोन वर्षे लिहिले त्याला अंदाजपत्रक हा शब्द वेगळा शिकवावा लागणार नाही.

ज्यांच्याकडे वीस, तीस किंवा पन्नास ससे उत्पन्नासाठी आहेत त्यांचे गणित निराळे आहे. अशा ठिकाणी एखादी साथ आली की एका आठवड्यात सारे भांडवल बुडते. १९८४ साली चीनमध्ये सशांच्या रक्तस्रावी रोगाची साथ प्रथम आढळली आणि पुढे ती अनेक देशांत पसरली. बाहेरून ठणठणीत दिसणारे ससे दोन-तीन दिवसांत मरून पडतात, असा तो रोग आहे. ज्याचे भांडवल सशांत गुंतलेले आहे त्याने कानावरील खुणा, खरेदीच्या पावत्या आणि जन्म-मृत्यूची नोंदवही ठेवावी, आणि दहाच्या एककाने विमा उतरता येईल काय ह्याची चौकशी पशुसंवर्धन खात्याकडे अवश्य करावी. राजस्थानातील अविकानगर येथील केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्था, तसेच तमिळनाडूतील मन्नवनूर येथील तिचे केंद्र, येथे ससेपालनावर काम झालेले आहे. नवा व्यवसाय सुरू करणाऱ्याने त्या अनुभवाचा लाभ घ्यावा.

आधी गोठा, मग पिंजरा

ग्रामस्थहो, ह्या तालुक्याने अनिश्चितता जवळून पाहिलेली आहे. २०१२ मध्ये खाणी थांबल्या. त्या पुन्हा सुरू झाल्या आणि २०१८ मध्ये परत थांबल्या. डिचोलीच्या पट्ट्यात खनिजाचे काम पुन्हा सुरू व्हावयास २०२४ साल उजाडले. ट्रकांच्या कर्जाचे हप्ते भरण्याच्या विवंचनेत जी घरे होती, त्यांपैकी काहींना गोठ्यातल्या दुधाने आधार दिला. ज्या घरात रोजचा रोख पैसा दुधातून येतो, तेथे गाय मरणे म्हणजे पगार बंद होणे होय. विम्याची तिन्ही लक्षणे, म्हणजे क्वचितता, मोठी हानी आणि सिद्धता, येथे पुरेपूर लागू पडतात.

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ह्या योजनेत महत्त्वाची सुधारणा केली. पूर्वी पशुपालकाचा वाटा प्रवर्गानुसार व प्रदेशानुसार वीस ते पन्नास टक्के होता. तो सरसकट पंधरा टक्क्यांवर आणण्यात आला. उरलेली रक्कम केंद्र व राज्य ह्यांनी सर्वसाधारण राज्यांत ६० : ४० ह्या प्रमाणात सोसावयाची आहे. शेळ्यामेंढ्यांसाठी पाच एककांची मर्यादा दहावर नेण्यात आली.

ह्याचा अर्थ आकड्यांत पाहा. आपल्या उदाहरणातील ६०,००० रुपयांच्या गाईचा चार टक्के दराने हप्ता २,४०० रुपये होतो. त्यातील पशुपालकाचा पंधरा टक्के वाटा ३६० रुपये. उरलेल्या २,०४० रुपयांपैकी केंद्राचे १,२२४ आणि राज्याचे ८१६ रुपये. म्हणजे दिवसाला एक रुपयाहूनही कमी खर्चात साठ हजारांचे संरक्षण. प्रत्यक्ष दर आणि नावनोंदणीचा काळ त्या त्या वर्षाच्या व्यवस्थेप्रमाणे ठरतो. तो तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्यावा. जी रक्कम सशाच्या विम्यावर खर्च करावी असे मनात होते, तीत कदाचित गाईचा हप्ता भागेल.

जनावराची किंमत मालक, पशुवैद्य आणि विमा प्रतिनिधी ह्यांनी मिळून ठरवावयाची असते. २०१४ च्या तत्त्वांत गाईसाठी दररोजच्या प्रत्येक लिटर दुधामागे किमान ३,००० रुपये आणि म्हशीसाठी ४,००० रुपये असा धरबंध घातलेला होता. आठ लिटर दूध देणाऱ्या गाईची किंमत त्या हिशेबाने २४,००० रुपयांच्या खाली धरता येत नव्हती. हा आकडा किमान आहे, हे ध्यानात ठेवावे आणि बाजारभावाची किंमत मागण्यास संकोच करू नये. किंमत फुगवूनही सांगू नये. भरपाईच्या वेळी ती वादाचे मूळ ठरते.

भरपाई मिळताना अडचणी येतात त्या बहुधा तीन कारणांनी. पहिले कारण, कानातला बिल्ला पडलेला असतो आणि नवा लावून त्याचा क्रमांक कंपनीला कळविलेला नसतो. बिल्ला नाही तर भरपाई नाही, असा सर्वसाधारण नियम आहे. दुसरे कारण, जनावर मेल्याबरोबर पुरले जाते आणि नंतर कंपनीला कळविले जाते. क्रम उलटा हवा. आधी पशुवैद्याला व कंपनीला कळवावे, बिल्ल्यासह छायाचित्र घ्यावे, शवविच्छेदन होऊ द्यावे आणि मग पुरावे. तिसरे कारण, मुदत संपलेली असते. विमापत्राची शेवटची तारीख गोठ्याच्या दारावर खडूने लिहून ठेवण्यात कमीपणा नाही.

कळविल्याची नोंद, विमापत्र, भरपाईचा अर्ज आणि शवविच्छेदनाचा अहवाल, हे चार कागद प्रमुख होत. २०१४ च्या तत्त्वांनुसार हे कागद मिळाल्यापासून पंधरा दिवसांत कंपनीने निर्णय करावयाचा होता आणि विलंब झाल्यास बारा टक्के व्याजाची तरतूद होती. भरपाई नाकारली गेली तर प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी. एका महिन्यात उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर समाधानकारक नसले, तर विमा लोकपालाकडे जाता येते. तेथे शुल्क लागत नाही आणि वकिलाचीही गरज नसते; मात्र कंपनीने नकार दिल्यापासून एका वर्षाच्या आत जावे लागते. ग्राहक आयोगाचा मार्गही खुला आहे. हे अधिकार वापरण्यासाठी लागते ती एकच गोष्ट, आणि ती म्हणजे प्रत्येक कागदाची प्रत आपल्यापाशी असणे.

विमा हा लसीकरणाला पर्याय नाही, हेही सांगितले पाहिजे. लाळ-खुरकुताची लस शासनातर्फे विनामूल्य टोचली जाते. २०२२ मध्ये लंपी चर्मरोगाने देशातील गोधनाची केवढी हानी केली, हे आपणा सर्वांच्या स्मरणात आहे. लस टोचून घेतलेले आणि बिल्ला असलेले जनावर हे विम्याच्या दृष्टीनेही भक्कम जनावर असते.

समारोप

मित्रहो, जे सांगितले त्याचा सारांश असा. घरातल्या एक-दोन सशांचा विमा शोधीत बसू नये. त्यांच्यासाठी चांगला पिंजरा, भरपूर गवत, सावली, वेळेवर पशुवैद्य आणि दरमहा थोडी बचत ही तरतूद करावी. उत्पन्नासाठी कळप असेल तर नोंदी ठेवून एककाप्रमाणे विम्याची चौकशी करावी. रानातला ससा रानातच राहू द्यावा. गोठ्यात गाय-म्हैस असेल तर तिचा विमा सर्वांत आधी उतरावा.

शिक्षकांना माझी विनंती आहे की त्यांनी गणिताच्या तासाला विद्यार्थ्यांकडून घरातील जनावरांची यादी, त्यांची किंमत आणि हप्त्याचा हिशेब करवून घ्यावा. पंचायतीने पशुवैद्यकीय दवाखान्याशी विचारविनिमय करून गावात एक दिवस ठरवावा. त्या दिवशी बिल्ले तपासले जातील, लसी टोचल्या जातील आणि विम्याचे अर्ज जागच्या जागी भरले जातील. स्वयंसाहाय्य गटांच्या भगिनींनी आपापल्या वाड्यावरील ज्या घरांत एकच गाय आहे आणि तिच्यावरच घर चालते, अशा घरांची नावे प्रथम काढावीत. ज्यांच्याकडे दहा गाई आहेत ते एक गेली तरी उभे राहतील. ज्यांच्याकडे एकच आहे त्यांच्यापर्यंत हा अर्ज पहिल्यांदा पोहोचला पाहिजे.

 कोणाला काही विचारावयाचे असल्यास आता अवश्य विचारावे.